मुख्य प्रशिक्षकाची निवड आणि पाण्याचा हौद

२०२४ सालच्या जानेवारीत आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी पद सोडले आणि त्यांच्या जागी नवीन प्रशिक्षक निवडण्यासाठी नेमलेल्या नऊ जणांच्या समितीत पालकांची प्रतिनिधी म्हणून मला घेण्यात आले. ही सरकारी शाळा टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला पसरत गेलेल्या उपनगरांपैकी एका उपनगरात आहे. माझे माहेर अकोल्याचे. लग्नानंतर मी इथे आले त्याला अठरा वर्षे होऊन गेली होती आणि माझा मुलगा त्या वर्षी दहावीत शिकत होता. तो शाळेच्या दुसऱ्या संघात, म्हणजे ज्युनिअर व्हर्सिटीत, समोरच्या खेळाडूंना अडवून धरणाऱ्या फळीत खेळत असे. संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या बूस्टर क्लबची मी खजिनदार होते. मला बोलावण्याचे कारण प्रिन्सिपलनी पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले. पहिल्या संघातल्या कोणत्याही मुलाच्या पालकाला समितीत घेतले असते, तर आपल्या मुलाची जागा पक्की करण्यासाठी तो बसला आहे असा संशय आला असता. माझ्या मुलाच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि अंगावर अंग आदळण्याचा हा खेळ आहे आणि टेक्सासमध्ये तो शालेय खेळ म्हणून जेवढा खोल रुजलेला आहे तेवढा क्वचितच कुठे असेल. शुक्रवारी रात्री सगळे गाव मैदानावर असते. आमच्या भागातल्याच ॲलन नावाच्या गावात हायस्कूलसाठी बांधलेले स्टेडियम २०१२ साली सुरू झाले. त्याला सुमारे ६ कोटी डॉलर खर्च आला आणि त्यात १८ हजार लोक बसतात. राज्यातल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही संस्था चालवते. १९१० साली स्थापन झालेली ही संस्था ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा भाग आहे. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे १ ए ते ६ ए असे सहा वर्ग पाडलेले असतात. लहान शाळांत संघ सहा जणांचाही असतो, तर मोठ्या शाळांत नववी ते बारावीची दीडशे-दोनशे मुले फुटबॉलमध्ये असतात. अनेक मोठ्या शाळांत मुख्य प्रशिक्षकाचा वार्षिक पगार १ लाख डॉलरच्या वर असतो, त्यामुळे ही निवड गावाच्या दृष्टीने केवळ खेळाची राहत नाही.

आमच्याकडे घाईचे आणखी एक कारण होते. ही लीग दर दोन वर्षांनी शाळांची नव्याने गटवारी करते आणि २०२४ ची गटवारी फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाहीर व्हायची होती. गट कळताच सगळे प्रशिक्षक गटाबाहेरचे सामने ठरवायला एकमेकांना फोन करू लागतात. त्या दिवशी ज्या शाळेला प्रशिक्षक नसतो, तिच्या वाट्याला उरलेसुरले सामने येतात. त्यामुळे जाहिरात दहाच दिवस खुली राहिली आणि आम्हाला सगळे काम तीन आठवड्यांत उरकायचे होते.

समितीत क्रीडा संचालक, त्यांचे सहायक, प्रिन्सिपल, मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी, मुलींच्या खेळांच्या समन्वयक, एक समुपदेशक, गणिताचे एक ज्येष्ठ शिक्षक, शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनर आणि मी असे नऊ जण होतो. मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी फक्त नियम पाळले जात आहेत की नाही हे पाहणार होत्या, त्यांना मत नव्हते. ट्रेनर या शब्दाने आपल्याकडे व्यायाम करवून घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, पण इथे त्याचा अर्थ निराळा आहे. दुखापती टाळणे, ओळखणे आणि मैदानावरच पहिला उपचार करणे हे या व्यक्तीचे काम असते आणि त्यासाठी शिक्षण व परवाना लागतो. असा परवाना सुरू करणारे टेक्सास हे पहिले राज्य, १९७१ साली. आमच्या ट्रेनर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई आहेत. समितीत माझ्या शेजारची खुर्ची त्यांची होती आणि या सगळ्या प्रक्रियेत मी जे शिकले त्यातले निम्मे त्यांच्याकडून शिकले.

मी समितीत एक प्रश्न मनात घेऊनच गेले होते, आणि तो कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. २०२३ चा उन्हाळा डॅलस परिसरात भयंकर गेला होता. ऑगस्टमध्ये पारा दिवसेंदिवस ४० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिला. अकोल्यात वाढलेल्या मला ऊन नवे नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या वरचे तापमान मी लहानपणापासून पाहिले आहे आणि दुपारी बाराच्या पुढे घराबाहेर पडायचे नाही, हा आमच्या घरचा नियम होता. पण इथे नेमक्या ऑगस्टमध्ये हंगामाचा सराव सुरू होतो आणि मुले डोक्यावर हेल्मेट व खांद्यावर पॅड चढवून धावतात. त्या महिन्यातल्या एका संध्याकाळी मी बूस्टर क्लबतर्फे बर्फाच्या पिशव्या घेऊन मैदानावर गेले असताना माझ्या मुलाच्या फळीतला एक मुलगा रांगेतून बाहेर येऊन भलत्याच दिशेने चालू लागला. त्याला हाक मारली तर तो हसला आणि काहीतरी असंबद्ध बोलला. त्याच्या कपाळावरून घाम अक्षरशः निथळत होता. मैदानाच्या कडेला प्लास्टिकचा एक मोठा हौद ठेवलेला होता. शेतावर गुरांना पाणी पाजण्यासाठी ठेवतात तसलाच तो हौद असतो आणि इथल्या बहुतेक शाळा उष्माघात झालेल्या खेळाडूला बुडवून थंड करण्यासाठी तो वापरतात. त्या दिवशी तो कोरडा होता आणि त्याच्या तळाशी वाळलेली पाने पडलेली होती. आमच्या ट्रेनर त्या वेळी दुसऱ्या मैदानावर होत्या. त्या धावत आल्या, त्यांनी माझ्याजवळच्या सगळ्या पिशव्या फोडून बर्फ त्या मुलाच्या अंगावर ओतायला लावला आणि पाण्याचा पाइप त्याच्यावर धरला. तो मुलगा वाचला आणि दोन दिवसांनी घरी आला. मात्र पानांचा थर असलेला तो कोरडा हौद माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पहिल्या बैठकीत मुलाखतीचे प्रश्न ठरवायचे होते. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे, असा नियम असल्यामुळे प्रश्नांची शब्दरचना आधीच पक्की करणे भाग होते. खेळाची पद्धत, मुलांच्या गुणांवर लक्ष ठेवण्याची रीत, पालकांशी वागणे, सहायकांची निवड असे प्रश्न लवकर ठरले. मी उष्णतेचा प्रश्न मांडला तेव्हा क्रीडा संचालकांचे म्हणणे पडले की सुरक्षिततेचे प्रशिक्षण सगळ्याच प्रशिक्षकांना सक्तीचे असते, त्यामुळे सगळेच जण पाठ केलेले उत्तर देतील. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तेव्हा ट्रेनरबाईंनी प्रश्न बदलून दिला. "ऑगस्टमधल्या सरावात एक मुलगा अडखळू लागला आहे, त्याला घाम येतो आहे आणि तो म्हणतो आहे की मी ठीक आहे. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय कराल ते क्रमाने सांगा, आणि तुम्हाला मैदानावर कोण थांबवू शकते तेही सांगा." हा प्रश्न अकरावा म्हणून यादीत गेला.

या प्रश्नातला घामाचा उल्लेख त्यांनी मुद्दाम घातला होता. भर उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला लागणारा उष्माघात आणि कष्टाच्या व्यायामाने होणारा उष्माघात यांत फरक असतो. पहिल्यात कातडी पुष्कळदा कोरडी पडते, तर दुसऱ्यात घाम चालूच राहू शकतो. म्हणूनच घाम येतो आहे तोवर धोका नाही, हा समज मैदानावर मुलांच्या जिवावर उठतो. शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि मुलगा गोंधळल्यासारखा वागू लागला, की त्याला अर्ध्या तासाच्या आत थंड पाण्यात बुडवून तापमान खाली आणावे लागते. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसायचे नसते. आधी थंड करायचे आणि मगच रुग्णालयात न्यायचे, असा वैद्यकाचा स्पष्ट निर्वाळा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर सरावानंतर उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात २०१० साली सुरू झालेली संस्था याच विषयावर काम करते. अकोल्यात कांदा खिशात ठेवून आणि पन्हे पिऊन उन्हाशी झुंजलेल्या मला हे सगळे शिकायला परदेशातल्या एका मैदानाच्या कडेला उभे राहावे लागले.

अर्ज सत्तरच्या वर आले. मनुष्यबळ विभागाने त्यांतले बरेच सुरुवातीलाच बाजूला काढले, कारण लीगच्या नियमाप्रमाणे हायस्कूलचा प्रशिक्षक हा सेवानिवृत्त शिक्षकांसारखे मोजके अपवाद सोडता त्या शिक्षण जिल्ह्याचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, पूर्णवेळ कर्मचारी असावा लागतो. बाहेरून संध्याकाळपुरता माणूस आणता येत नाही. प्रत्यक्षात जवळजवळ सगळे प्रशिक्षक शिक्षकच असतात. इथे मला एक गोष्ट नव्याने कळली आणि ती पालकांना सहसा कोणी सांगत नाही. नवीन मुख्य प्रशिक्षक आपल्याबरोबर आपले दोन-चार सहायक आणतो, पण त्यांना नोकरी द्यायची तर शाळेत त्यांच्या विषयाची जागा रिकामी असावी लागते. इतिहास आणि शारीरिक शिक्षण शिकवणारे प्रशिक्षक हवे तेवढे मिळतात, तर गणित आणि विज्ञानाचे प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक मिळणे फार कठीण असते. आमच्या प्रिन्सिपलच्या कागदावर प्रत्येक उमेदवाराच्या नावासमोर पहिला रकाना विजय-पराजयाचा नव्हता, तर त्याच्याबरोबर येणारे लोक काय शिकवू शकतात याचा होता. सुरुवातीला मला हे खटकले. नंतर मी विचार केला की हीच माणसे दिवसाचे पाच तास मुलांना बीजगणित शिकवणार आहेत, आणि प्रिन्सिपल आपल्या जागी बरोबर आहेत हे मला पटले.

मुलाखतींसाठी तिघांना बोलावले. मुलाखती आमच्या शाळेच्या ग्रंथालयात, शाळा सुटल्यावर, सलग तीन संध्याकाळी झाल्या. आम्ही कोणीही बाहेर काही बोलणार नाही असे लिहून दिले होते, त्यामुळे माझ्या मुलाने जेवताना नुसते माझ्याकडे पाहिले तरी मी विषय बदलत असे.

पहिले उमेदवार एका नामांकित शाळेच्या आक्रमणाची आखणी करणारे सहायक होते. त्यांचा संघ आदल्याच हंगामात बाद फेरीत खूप पुढे गेला होता. त्यांनी आमच्या मागच्या हंगामातल्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून तयारी केली होती आणि आमचा संघ तिसऱ्या प्रयत्नात कुठे अडतो हे त्यांनी पडद्यावर इतके नेमके दाखवले की क्रीडा संचालक पुढे सरकून बसले. मलाही ते आवडले. बोलणे स्वच्छ, घरची माणसे सभ्य, मुलांबद्दल खरी आस्था. अकराव्या प्रश्नाला त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले. "घाम येतो आहे म्हणजे शरीर आपले काम करते आहे. मी त्याला सावलीत बसवीन, पाणी देईन आणि दहा मिनिटांनी पाहीन. घाम थांबला तर मात्र लगेच रुग्णवाहिका." थांबवण्याबद्दल ते म्हणाले, "मैदानावर माझा शब्द शेवटचा असतो, म्हणूनच मुलांना सुरक्षित वाटते." माझ्या शेजारी ट्रेनरबाईंनी वहीत एक ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवले. तेवढ्या उत्तरावर एखाद्या माणसाला नाकारणे योग्य आहे का, हा प्रश्न मला त्या रात्री पडला होता. आज विचाराल तर मी म्हणेन की योग्य आहे.

दुसरे उमेदवार आमच्याच शाळेतले होते. बचावाची जबाबदारी सांभाळणारे हे सहायक अकरा वर्षे इथे आहेत आणि मुले त्यांच्यावर जीव टाकतात. ज्या मुलाच्या घरी रात्री जेवायला नसते त्याला ते स्वतःच्या गाडीतून घरी सोडताना वाटेत जेवू घालतात, हे मला खजिनदार म्हणून ठाऊक होते, कारण त्याचे पैसे त्यांनी बूस्टर क्लबकडे कधीच मागितले नाहीत. ग्रंथालयात ते आले तेव्हा त्यांनी टाय बांधला होता. मी त्यांना टाय बांधलेले प्रथमच पाहत होते. अकरावा प्रश्न वाचला गेल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मागच्या ऑगस्टमध्ये मी तिथे होतो. तो हौद भरण्याचे काम माझ्याकडे नव्हते, पण त्या दिवशी मी त्याच्याजवळून दोनदा गेलो आणि तो रिकामा आहे हे पाहिले होते." त्या दिवसानंतर रोज सकाळी ते स्वतः हौद भरतात, हे त्यांनी सांगितले नाही, ते मला मुलाकडून आधीच कळलेले होते. उपचाराचा क्रम त्यांनी अचूक सांगितला. पण थांबवण्याच्या प्रश्नावर ते म्हणाले, "ट्रेनरचे मी ऐकेन, नेहमी ऐकेन. पण ही मुले मला माहीत आहेत. शेवटचा निर्णय मीच घेईन." हे ऐकताना मला वाईट वाटले. इतका प्रामाणिक माणूस आणि तरीही अगदी त्याच जागी अडलेला.

तिसरे उमेदवार राज्याच्या पश्चिम भागातल्या एका लहान गावच्या शाळेचे मुख्य प्रशिक्षक होते आणि भूगोल शिकवत होते. त्यांच्या संघात चाळीसच्या वर मुले कधी आली नव्हती. जिंकण्या-हरण्याचा हिशेब बरोबरीचा होता. पडद्यावर दाखवायला त्यांनी काही आणले नव्हते. खेळाच्या पद्धतीबद्दल ते ठीकठाक बोलले, पण आमच्यासारख्या शाळेतले पंधरा-सोळा सहायक कसे सांभाळणार या प्रश्नावर ते चाचपडले, आणि आपण चाचपडतो आहोत हे त्यांनी मान्यही केले. अकराव्या प्रश्नावर मात्र ते घड्याळासारखे बोलले. गोंधळलेपणा दिसला की घामाकडे पाहायचे नाही, हेल्मेट आणि पॅड काढायचे, ट्रेनर आतले तापमान पाहतील, हौदात बुडवायचे, एक जण रुग्णवाहिकेला फोन करील आणि एक जण फाटकापाशी जाऊन उभा राहील, कारण आमच्या गावात रुग्णवाहिका एकदा चुकीच्या फाटकाने आली होती. मग म्हणाले, "मला कोणीही थांबवू शकते. पण ट्रेनरने थांबवले तर मी कारण विचारत नाही. ते मी लिहून दिलेले आहे, पालकांच्या पहिल्या सभेत वाचूनही दाखवतो."

पाठ केलेले उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक कसा ओळखायचा, ही आमची पुढची अडचण होती. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांना फोन केला तर सगळे चांगलेच बोलतात. ट्रेनरबाई म्हणाल्या की तिन्ही शाळांच्या ट्रेनरशी मी बोलते. मनुष्यबळ विभागाने त्याला परवानगी दिली, आणि मला वाटते या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत उपयोगाचे काम तेच झाले. पश्चिमेकडच्या त्या लहान शाळेचा ट्रेनर चार गावांत मिळून काम करत होता. त्याने सांगितलेला प्रसंग असा होता. बाद फेरीच्या सामन्यात त्यांचा मुख्य खेळाडू, म्हणजे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, डोक्यावर आपटला. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदाच आहे की डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी मुलाला ताबडतोब बाहेर काढायचे, त्या दिवशी परत पाठवायचे नाही, आणि पुढे डॉक्टरांच्या लेखी संमतीनंतरही त्याला परत घेण्याची मुभा प्रशिक्षकाला नाही. पण संशय आहे की नाही हे ठरवण्याच्या क्षणी मैदानावर फार दडपण असते. मुलगा स्वतः चालत बाहेर आला होता आणि सगळे गाव ओरडत होते. ट्रेनरने हेल्मेट काढून आपल्या काखेत धरले. प्रशिक्षकांनी एकदाही विचारले नाही. तो सामना ते हरले आणि त्यांचा हंगाम तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक ट्रेनरच्या खोलीत आले ते त्या मुलाला पुढच्या आठवड्यात वर्गात उजेडाचा त्रास होईल का आणि शिक्षकांना काय सांगायचे, हे विचारायला. "सामन्याचा विषय त्यांनी काढला नाही," असे तो म्हणाला. ट्रेनरबाईंनी हे समितीत आपल्या वहीतून वाचून दाखवले, तेव्हा ग्रंथालयात कोणी काही बोलले नाही.

अंतिम चर्चा साडेतीन तास चालली. क्रीडा संचालकांचा कौल पहिल्या उमेदवाराकडे होता आणि त्यांची बाजू लंगडी नव्हती. इतक्या मोठ्या शाळेचा व्याप न पाहिलेला माणूस पहिल्याच वर्षी कोलमडला, तर त्याचे नुकसान दीडशे मुलांना भोगावे लागेल, असे ते म्हणत होते. समुपदेशकांना आमचे घरचे सहायक हवे होते, कारण प्रशिक्षक बदलताना सर्वांत दुबळी मुले गळतात हा त्यांचा अनुभव होता. इथला नियम असा की गुणपत्रकाच्या कालावधीअखेर एका जरी विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले, तरी विद्यार्थ्याला किमान तीन आठवडे सामने खेळता येत नाहीत. अशा काठावरच्या मुलांना हे सहायक रोज सकाळी अभ्यासाला बसवत असत. प्रिन्सिपलनी तिसऱ्या उमेदवाराबरोबर येऊ शकणाऱ्या गणिताच्या शिक्षिकेचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, उल्लेख केला. पतीच्या हाताखाली त्या असणार नव्हत्या, त्यामुळे नियमात ते बसत होते. मी म्हणाले की खेळाची आखणी सहायकाकडून शिकता येते, पंधरा माणसे सांभाळणेही एका वर्षात जमते, पण भर सामन्यात दुसऱ्याने थांबवल्यावर थांबण्याचे वळण चाळिशीनंतर कोणाला लावता येईल असे मला वाटत नाही. ज्याला ते आधीपासून आहे त्यालाच घ्यावे. माझा आवाज कापत होता आणि मी ते लपवले नाही. प्रत्येकाने पसंतीचा क्रम लिहून दिला. आठांपैकी पाच जणांनी तिसऱ्या उमेदवाराला पहिली पसंती दिली. माझ्या क्रमात आमचे सहायक दुसरे होते.

समितीचे काम शिफारशीपुरतेच असते. शिक्षण जिल्ह्याच्या प्रमुखांनी, म्हणजे सुपरिंटेंडंटनी, ती स्वीकारून जिल्ह्याच्या शिक्षण मंडळापुढे ठेवली. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांविषयीची चर्चा मंडळ बंद दाराआड करू शकते, पण मतदान लोकांसमोरच घ्यावे लागते, आणि त्या वेळी सभेची सूचना ७२ तास आधी लावणे बंधनकारक होते. त्यामुळे तीन दिवस गावात अंदाजांना ऊत आला होता. सभेत दोन पालकांनी आमच्या सहायकांच्या बाजूने कळवळून भाषणे केली. मी मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांतला प्रत्येक शब्द खरा होता हे मला माहीत होते. सातही सभासदांनी शिफारशीच्या बाजूने मत दिले.

सर्वांत जड गेले ते त्यानंतरचे दिवस. त्या सहायकांशी माझी दर आठवड्याला गाठ पडत असे, हिशेबाच्या पावत्यांवर त्यांची सही लागत असे आणि मी लिहून दिल्याप्रमाणे त्यांना काहीही सांगू शकत नव्हते. त्यांनीही काही विचारले नाही. मार्चमध्ये एकदा पावती परत देताना ते म्हणाले, "मॅडम, तो अकरावा प्रश्न चांगला होता." ते दुसरी नोकरी शोधतील असे सगळ्यांना वाटत होते. नव्या प्रशिक्षकांनी आल्या आल्या त्यांना बचावाची जबाबदारी कायम ठेवण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सराव सुरू झाला. पहिल्या सकाळी साडेसहाला मी बर्फ घेऊन गेले तेव्हा मैदानाच्या कडेला एकाऐवजी दोन हौद होते आणि दोन्ही काठोकाठ भरलेले होते. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारे यंत्र तिपाईवर उभे होते. मुलांना गोल बसवून नव्या प्रशिक्षकांनी सांगितले की आज धावण्याच्या आधी एक सराव आपण मोठी माणसे करणार आहोत, आणि संघातला सर्वांत वजनदार मुलगा कोण ते विचारले. सगळ्यांनी माझ्या मुलाकडे बोट दाखवले. त्याचे वजन तेव्हा ११८ किलो होते. ट्रेनरबाईंनी त्याला मैदानाच्या मध्यावर आडवे व्हायला सांगितले आणि घड्याळ सुरू केले. चार सहायकांनी त्याला उचलले, पण एक हात निसटला, हौदाच्या काठाला त्याची टाच अडकली आणि पाण्यात गेल्यावर त्याचे डोके धरायला कोणीच नव्हते. तीन मिनिटांच्या वर वेळ लागला. ट्रेनरबाई म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्या वेळी आमच्या जुन्या सहायकांनी एक लांब टॉवेल त्याच्या दोन्ही काखांखालून घेऊन मागे डोक्यापाशी धरला, म्हणजे पाण्यात त्याचा चेहरा वर राहील. वेळ निम्म्यावर आला. मुलगा पाण्यात कुडकुडत हसत होता आणि बाकीची मुले टाळ्या वाजवत होती. ट्रेनरबाईंनी घड्याळ पाहिले, मान हलवली आणि परत म्हणाल्या, "पुन्हा." तेव्हा नव्या प्रशिक्षकांनी हातातली शिट्टी खिशात ठेवली आणि ते माझ्या मुलाचे पाय उचलायला वाकले.